अरबी बोलणाऱ्यांना प्रेझेंट परफेक्ट शिकवताना: घरच्या बोलीपासून सुरुवात

वहीत एक वाक्य होतं: ‘आय लिव्ह इन पुणे सिन्स थ्री इयर्स.’ लिहिणारा येमेनहून आलेला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हुशार मुलगा. त्याखाली दुसरं वाक्य: ‘माय सिस्टर हॅज गॉट मॅरिड लास्ट इयर.’ प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, जिथे हवा तिथे नाही, आणि जिथे नको तिथे बरोबर येऊन बसलाय. नियम त्याला पाठ होता. ‘नुकतीच पूर्ण झालेली क्रिया’ ही व्याख्या त्याने मला न अडखळता सांगितली. म्हणजे गडबड त्याच्या अभ्यासात नव्हती. आम्ही शिकवत होतो ती दिशाच चुकलेली होती.

पुण्यात येमेन, इराक, सुदान, ओमान अशा देशांतून मुलं शिकायला येतात. त्यांना इंग्रजी शिकवणारे आपल्यापैकी बरेच आहेत. मस्कत-दोह्यात नोकरी करता करता शिकवणी घेणारे मराठी लोक आहेत, ऑनलाइन शिकवणारेही आहेत. या सगळ्यांसाठी हा लेख लिहितेय. मला जे सांगायचंय ते एवढंच, की अरबी माणसाकडे प्रेझेंट परफेक्ट नाही असं समजून शिकवू नका. त्याच्या पुस्तकी अरबीत तो धड सापडत नाही, पण घरच्या बोलीत आहे. आणि मराठी शिक्षकाला तो ओळखणं इंग्रज शिक्षकापेक्षा सोपं जातं.

पहिली पायरी: त्याच्याकडे काय आहे ते आपण शिकून घ्यायचं

पुस्तकी अरबीला फुस्हा म्हणतात. तिच्यात क्रियापदाची मुख्य रूपं दोन. एक अल्-मादी, म्हणजे झालेल्या क्रियेचं, आणि दुसरं अल्-मुदारिअ, म्हणजे चालू, नेहमीच्या किंवा पुढे होणाऱ्या क्रियेचं. ‘कतब’ म्हणजे त्याने लिहिलं. पण संदर्भाप्रमाणे तेच ‘कतब’ म्हणजे त्याने लिहिलंय, असंही होतं. आपल्याकडे ‘लिहिलं’ आणि ‘लिहिलंय’ यांत जो फरक कानाला लगेच कळतो, तो तिथे एकाच रूपात मिसळून गेलेला असतो.

शाळेत त्यांना बहुतेक वेळा सांगतात की ‘कद’ हा शब्द भूतकाळाच्या रूपाआधी लावला की प्रेझेंट परफेक्ट होतो. हे अर्धं खरं आहे. ‘कद’ने क्रिया झाल्याची खात्री पटते, त्यावर जोर येतो. पण ‘लकद रअय्तुहु अम्सि’ (‘लकद’ हे ‘कद’चंच जोरदार रूप), म्हणजे ‘मी त्याला काल पाहिलं’, हे अरबीत चालतं. ‘काल’ आला तरी ‘कद’ला काही अडचण नाही. इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’ आला की ‘हॅव’ बाहेर पडलाच पाहिजे. बहिणीच्या लग्नाचं वाक्य त्यातूनच आलं होतं. शिवाय हाच ‘कद’ मुदारिअच्या आधी आला तर अर्थ होतो ‘कदाचित’. म्हणून ‘कद म्हणजे हॅव’ हे समीकरण फळ्यावर लिहू नका. आधीच कुणी लिहून दिलं असेल तर पहिल्या दिवशीच ते खोडून टाका.

दुसरी पायरी: बोलीत शिरायचं

विद्यार्थ्याला विचारा, ‘घरी आई विचारते जेवलास का, तेव्हा तू काय उत्तर देतोस?’ पुस्तकातलं नको, घरातलं सांग. मुलं आधी लाजतात, कारण बोलीला व्याकरण नसतं अशी त्यांची समजूत करून दिलेली असते. कैरोचा मुलगा सांगेल ‘अना वाकिल’, दमास्कसचा किंवा बगदादचा सांगेल ‘माकिल’. हे क्रियापदाचं भूतकाळी रूप नाही. हे कर्तृवाचक धातुसाधित आहे, त्यांच्या व्याकरणात ज्याला इस्म अल्-फाइल म्हणतात ते. शब्दशः ‘मी खाल्लेला’. आपण म्हणतो ना, ‘मी जेवलेलो आहे, मला वाढू नका’, अगदी तेच. खाण्याची क्रिया मागे झाली, पण सांगायचंय ते आत्ताबद्दल: पोट भरलंय.

प्रेझेंट परफेक्टचा सगळा जीव याच एका गोष्टीत आहे. क्रिया कधी झाली हे महत्त्वाचं नाही, तिचं आत्ताशी काय नातं आहे ते महत्त्वाचं. ‘अना वाकिल’ म्हणणाऱ्या मुलाला हे शिकवायचं नसतं, त्याच्याच तोंडून काढून दाखवायचं असतं. एकच काळजी घ्या. जाणं, झोपणं अशा क्रियापदांत हे रूप वेगळं वागतं. ‘राएह’ म्हणजे ‘गेलेला’ नव्हे, तर ‘निघालोय, जाणार आहे’. ‘नाएम’ म्हणजे ‘झोपलेला आहे’. म्हणून उदाहरणं खाणं, लिहिणं, घेणं अशा क्रियांची घ्या.

दुसरा खजिना म्हणजे ‘उम्रक’. उम्र म्हणजे वय, आयुष्य. आपल्या ‘उमर’ शब्दाचं मूळ तेच. इजिप्तपासून सीरियापर्यंत लोक विचारतात, ‘उम्रक रुह्त अल्-हिंद?’ म्हणजे आयुष्यात कधी भारतात गेलायस? आणि ‘उम्री मा शुफ्त’ म्हणजे आयुष्यात कधी पाहिलं नाही. इंग्रजीतला ‘एव्हर’ आणि ‘नेव्हर’ हाच. आयुष्य अजून संपलेलं नाही, म्हणून प्रश्न आत्तापर्यंत उघडा आहे. मी वर्गात पहिला प्रश्न मिसळीचा विचारते: ‘उम्रक अकल्त मिसळ?’ वर्ग हसतो, तीन-चार हात वर होतात, आणि मग त्याखाली फळ्यावर येतं: ‘हॅव यू एव्हर ईटन मिसळ?’ भाग वेगळा असला की शब्द थोडा बदलतो. इराकी मुलगा ‘बि-’ लावून म्हणेल, सुदानी वेगळं काही म्हणेल. तुम्ही बरोबर-चूक करत बसू नका. ‘तुझ्याकडे कसं म्हणतात?’ एवढंच विचारा.

येमेनच्या सना शहराकडची मुलं असतील तर त्यांच्याकडे ‘कद’ रोजच्या बोलण्यातही जिवंत आहे. त्याचा उच्चार ते ‘गद’ करतात, आणि तो ‘ऑलरेडी’च्या बराच जवळ जातो.

तिसरी पायरी: तीन वर्षं झाली

‘आय लिव्ह इन पुणे सिन्स थ्री इयर्स’ हे वाक्य का येतं? फुस्हात म्हणतात, ‘अईशु हुना मुंधु थलाथ सनवात’: राहतो, इथे, पासून, तीन वर्षं. क्रियापद वर्तमानकाळी, आणि ‘मुंधु’ या एका शब्दात ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ दोन्ही. मराठी शिक्षकाने इथे जरा थांबावं. आपणही ‘मी तीन वर्षांपासून इथे राहतोय’ असंच म्हणतो. ‘2021पासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’, दोन्हीला एकच ‘पासून’. म्हणजे त्याची चूक ती आपलीच चूक. तुम्ही स्वतः ही कशी सुधारलीत ते आठवा आणि त्याला मोकळेपणाने सांगा. मुलांना त्याने फार धीर येतो.

आता बोली बघा. सीरिया, लेबनॉन, इराक, आखात इथे लोक म्हणतात, ‘सार ली तलात सनीन’. ‘सार’ म्हणजे झालं, ‘ली’ म्हणजे मला. मला तीन वर्षं झाली! हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हातातला खडू खाली ठेवला होता. ‘मला इथे येऊन तीन वर्षं झाली’, जशीच्या तशी आपली रचना. इजिप्तमध्ये ‘बआ ली’ म्हणतात, मांडणी तीच. ज्याला ‘सार ली’ येतं, त्याच्या मनात मोजणी आत्तापर्यंत चालू आहे हे पक्कं असतं. मग त्याला एवढंच सांगायचं, की जिथे तोंडात ‘सार ली’ येईल तिथे इंग्रजीत ‘आय हॅव’ने सुरुवात कर. ‘सार ली तलात सनीन हून’ म्हणजे ‘आय हॅव बीन हिअर फॉर थ्री इयर्स.’

‘सिन्स’ आणि ‘फॉर’साठी मी हाताची खूण वापरते. बोट टेकवता येतं तिथे ‘सिन्स’: सोमवार, 2021, ईद, ‘आय वॉज अ चाइल्ड’. दोन हात फाकवून लांबी दाखवावी लागते तिथे ‘फॉर’: दोन तास, तीन वर्षं, ‘अ लाँग टाइम’. वीसेक शब्द भरभर बोलायचे आणि मुलांनी फक्त हाताने उत्तर द्यायचं. तोंडाने नाही. आठवडाभर रोज तीन मिनिटं पुरतात.

‘आय हॅव बीन लिव्हिंग’ आणि ‘आय हॅव लिव्ह्ड’ यांतल्या बारकाव्यात सुरुवातीला शिरू नका. राहणं आणि काम करणं यांत दोन्ही चालतात.

चौथी पायरी: ‘हॅव’ला अर्थ नाही

अरबीत ‘जवळ असणे’ या अर्थी ‘हॅव’सारखं क्रियापद नाही. ‘इंदी किताब’ म्हणजे माझ्यापाशी पुस्तक. इथेही आपण त्यांच्याच बाजूला: ‘माझ्याकडे पुस्तक आहे.’ त्यामुळे ‘आय हॅव अ की’ शिकतानाच त्यांना कष्ट पडलेले असतात. आता त्याच ‘हॅव’पुढे ‘लॉस्ट’ येतो आणि मुलगा विचारतो, ‘टीचर, आय हॅव इट ऑर आय लॉस्ट इट?’ अगदी रास्त प्रश्न आहे. त्याला सांगा, की इथे ‘हॅव’ म्हणजे नुसता कप उचलायचा कान. चहा त्यात नाही, चहा पुढच्या शब्दात आहे.

दुसरं, अरबी क्रियापदात कर्ता आतच असतो. ‘कतब्तु’ या एका शब्दात ‘मी लिहिलं’ पुरं होतं. तिथून आलेल्या माणसाला कर्ता, मग ‘हॅव’, मग तिसरं रूप, असे तीन तुकडे जोडणं उगाचच लांबण वाटतं, आणि मधला तुकडा गळतो: ‘आय सीन हिम’. त्यात उच्चाराची भर. ‘व्ह’ हा आवाज अरबीत नाही, म्हणून ‘हॅव’चा ‘हॅफ’ होतो. आणि ‘आय’व्ह लिव्ह्ड’सारख्या जोडीत तो ऐकूच येत नाही. जे ऐकू येत नाही ते लिहिलं जात नाही. ‘प’चाही ‘ब’ होतो, त्यामुळे ‘बरफेक्ट’ ऐकून दचकू नका.

याला औषध श्रुतलेखन. ‘आय लॉस्ट माय फोन’ आणि ‘आय’व्ह लॉस्ट माय फोन’ अशा दहा जोड्या करा, बेसावध वेगाने वाचा आणि मुलांनी फक्त ‘एक’ की ‘दोन’ ते लिहायचं. पहिल्या दिवशी निम्मी चुकतात. उच्चार करायला शिकवताना खालचा ओठ वरच्या दातांखाली घेऊन कंठावर बोट ठेवायला सांगा. ‘फ’ला कंठ थरथरत नाही, ‘व्ह’ला थरथरतो. बोटाला जाणवलं की जमतं. मी आरसाही वापरून पाहिला, पण बोटाएवढा उपयोग त्याचा झाला नाही.

शेवटच्या जोडाक्षरांचंही लक्षात ठेवा. ‘आस्क्ड’चं ‘आस्किद’ आणि ‘वर्क्ड’चं ‘वर्किद’ होतं, कारण दोन-तीन व्यंजनं सलग आली की त्यांची जीभ मध्ये स्वर टाकते. इथे जास्त ताणू नका. लिहिताना बरोबर असलं की सध्या पुरे.

पाचवी पायरी: तिसरं रूप आणि धातूची सवय

क्लासमध्ये ज्याला ‘व्ही थ्री’ म्हणतात त्याचे लांबलचक तक्ते आपण सगळ्यांनी घोकलेत. अरबी मुलांना तसे देऊ नका. त्यांच्याकडे यापेक्षा चांगलं हत्यार आहे. अरबी शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभा असतो. क-त-ब घेतलं की कतब, कुतिब, कातिब, मक्तूब. व्यंजनं तीच, स्वर फिरतात आणि अर्थ बदलतो. आता इंग्रजीतलं ‘सिंग, सँग, संग’ बघा. ‘ड्रिंक, ड्रँक, ड्रंक’. ‘बिगिन, बिगॅन, बिगन’. व्यंजनं तीच, स्वर फिरला. मी फळ्यावर फक्त व्यंजनं लिहिते आणि स्वरांच्या जागा मोकळ्या सोडते. मुलांचे डोळे लगेच चमकतात, कारण हा खेळ ते लहानपणापासून खेळत आलेत. ‘रिंग’, ‘स्विम’, ‘सिंक’ मग आपोआप रांगेत येतात. दुसरा गट शेवटी ‘न’ येणाऱ्यांचा: ‘रिटन, ब्रोकन, टेकन, गिव्हन, ईटन’. तिसरा न बदलणाऱ्यांचा: ‘पुट, कट, शट’. तक्त्याच्या वर्णानुक्रमापेक्षा आवाजाचे गट लवकर पक्के होतात.

एक धोका मात्र आहे. ‘रिटन’ म्हणजे ‘मक्तूब’, ‘ब्रोकन’ म्हणजे ‘मक्सूर’ असं मुलं चटकन जुळवतात. ‘द विंडो इज ब्रोकन’पर्यंत हे छान चालतं. पण ‘मक्तूब’ म्हणजे ‘लिहिला गेलेला’. ते डोक्यात ठेवून ‘आय हॅव रिटन’ बघितलं की मुलगा गोंधळतो, किंवा ‘द लेटर हॅज रिटन’ लिहितो. त्याला सांगा, की ‘इज’ किंवा ‘बीन’ मागे असेल तर ‘मक्तूब’, आणि एकटा ‘हॅव’ असेल तर बोलीतला ‘वाकिल’च्या जातीचा शब्द.

सहावी पायरी: वेळ उघडी की बंद

काळाची रेषा काढण्याआधी एक बघा. अरबी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. डावीकडे ‘पास्ट’ आणि उजवीकडे ‘फ्यूचर’ काढून तुम्ही मोकळे व्हाल, पण काही मुलांच्या डोक्यात ती उलटी बसते. मी रेषा काढून खडू त्यांच्याच हातात देते: ‘काल कुठे आहे, ते तू लिही.’ वर्गाने ठरवलेली बाजू मग शेवटपर्यंत बदलायची नाही.

यानंतर इंग्रजीचा खरा कडक नियम येतो. ज्या वेळेबद्दल बोलतोय ती संपली असेल तर साधा भूतकाळ, चालू असेल तर परफेक्ट. पुस्तकात ‘धिस वीक’ आणि ‘लास्ट वीक’ देतात. मला नमाजाच्या वेळा जास्त उपयोगी वाटल्या. त्या मुलांच्या दिवसाला त्यानेच आकार असतो. दुपारनंतर असरच्या नमाजाची वेळ सुरू होते आणि सूर्यास्ताला, मगरिबच्या नमाजाची वेळ झाली की, संपते. पाच वाजता मित्राला विचारायचं तर ‘हॅव यू प्रेड असर?’ कारण वेळ अजून उघडी आहे, पढली नसेल तर आता पढता येईल. मगरिबची अजान झाली की तोच प्रश्न ‘डिड यू प्रे असर?’ होतो. दार बंद झालं. रमजानातही तसंच. महिना चालू असताना ‘हाउ मेनी डेज हॅव यू फास्टेड?’ आणि ईद झाल्यावर ‘हाउ मेनी डेज डिड यू फास्ट?’ हे उदाहरण दिल्यानंतर नियम पुन्हा समजावून सांगावा लागलेला मला आठवत नाही. वर्गात ख्रिस्ती इजिप्शियन किंवा इराकी मुलंही असू शकतात. त्यांच्यासाठी परीक्षेचे तास घ्या: पेपर चालू असताना आणि घंटा झाल्यावर.

मराठी शिक्षकाने इथे स्वतःकडेही लक्ष द्यायचं. ‘मी त्याला काल सांगितलंय’ हे मराठीत बिनचूक आहे, म्हणून ‘आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे’ आपल्या तोंडून सहज निघतं. वर्गात शिकवून झाल्यावर कॉरिडॉरमध्ये आपणच असं बोललो तर मुलं तेच उचलतात. माझ्या एका विद्यार्थिनीने माझंच वाक्य मला वहीतून दाखवलं होतं. तेव्हापासून मी ‘यस्टरडे’, ‘लास्ट’, ‘अगो’ हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला टाकायला लागले. आधी वेळ बोलली की क्रियापद चुकत नाही. मुलांनाही हीच सवय लावा.

सातवी पायरी: ‘लिस्सा’चे तीन तुकडे

इजिप्त आणि सीरियाकडच्या बोलीत ‘लिस्सा’ हा एकच शब्द ‘आत्ताच’, ‘अजूनही’ आणि ‘अजून नाही’ या तिन्ही ठिकाणी येतो. ‘लिस्सा वासिल’ म्हणजे आत्ताच पोचलाय. नकारासोबत तो ‘अजून नाही’ होतो. म्हणून मुलं ‘जस्ट’, ‘स्टिल’ आणि ‘येट’ यांची अदलाबदल करतात. तीन चिठ्ठ्यांवर तीन शब्द लिहा, त्यांच्या बोलीतली ‘लिस्सा’ची वाक्यं त्यांच्याकडूनच घ्या, आणि प्रत्येकाला योग्य चिठ्ठीखाली ठेवायला लावा. ‘येट’ वाक्याच्या शेवटी, ‘जस्ट’ ‘हॅव’नंतर. आखातातली आणि इराकी मुलं ‘आत्ताच’साठी ‘तव्वनी’ वापरतात, त्यांना ‘जस्ट’ पटकन येतो. अमेरिकन मालिका बघणारा कुणी विचारेल, की ते तर ‘आय जस्ट एट’ म्हणतात. हो, म्हणतात, आणि ते चूक नाही. परीक्षेत मात्र ‘आय हॅव जस्ट ईटन’ लिही, असं सांगा.

‘ही हॅज गॉन टू दुबई’ म्हणजे गेलाय, अजून तिथेच आहे. ‘ही हॅज बीन टू दुबई’ म्हणजे जाऊन आलाय. अरबीतला ‘राह’ दोन्हीकडे चालतो, पण मराठीतला ‘जाऊन आलाय’ तुमच्या कामाला येईल.

आठवी पायरी: दोन प्रश्नांचं संभाषण

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सुट्या वाक्यांत परफेक्ट जमतो आणि बोलताना निसटतो, कारण खऱ्या बोलण्यात तो एकटा येत नाही. तो दार उघडतो, आणि आत गेल्यावर साधा भूतकाळ सुरू होतो.

‘हॅव यू एव्हर बीन टू मुंबई?’
‘येस, आय हॅव.’
‘व्हेन डिड यू गो?’
‘आय वेंट लास्ट डिसेंबर. आय स्टेड विथ माय कझिन.’

मुलांच्या जोड्या करा. पहिला प्रश्न नेहमी ‘हॅव यू एव्हर’, होकार आला की पुढचे तीन प्रश्न ‘डिड’चे. रोज दहा मिनिटं, जोडीदार बदलत. आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेला बसणाऱ्यांना याचा थेट उपयोग होतो, कारण तिथल्या गप्पाही अशाच उघडतात. वर्गाबाहेरचा अभ्यास म्हणून खोलीभर नजर टाकून पुरावे शोधायला सांगा. टेबलावर चहाचा डाग आहे: ‘समवन हॅज स्पिल्ट टी.’ खिडकी उघडी: ‘समवन हॅज ओपन्ड द विंडो.’ समोर परिणाम दिसतोय, माणूस आणि वेळ दोन्ही ठाऊक नाहीत. परफेक्टसाठी याहून नेमकी जागा नाही.

दोन-तीन आठवड्यांनी असा टप्पा येतो की मुलं सगळीकडे ‘हॅव’ लावत सुटतात. तेव्हा तुम्ही लाल पेनाने ‘हॅव’ खोडायला लागलात, तर ती पुन्हा साध्या भूतकाळात पळून जातात आणि बाहेर येत नाहीत. ‘हॅव’ला हात लावू नका. वाक्यात वेळेचा शब्द असेल तर फक्त त्याखाली रेघ मारा आणि वही परत द्या. येमेनच्या त्या मुलाच्या वाक्यात मी ‘लास्ट इयर’खाली रेघ मारली. दुसऱ्या दिवशी वही आली तेव्हा त्याने ‘हॅज’ स्वतःच काढला होता, आणि खाली आणखी एक वाक्य जोडलं होतं: ‘शी हॅज बीन इन एडन फॉर इलेव्हन मंथ्स.’